गवती चहा, सोनं आणि काचेची खिडकी

(या भागाचं पूर्ण लिखित रूप. ज्यांना ट्रेनमध्ये नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी खास.)

आज थोडा केमिस्ट्रीचा विषय आहे, पण पळून जाऊ नका. सुरुवात अगदी ओळखीच्या वस्तूने करते.

कोविडच्या काळात घरच्या घरी करायची ती रॅपिड टेस्ट आठवते? नाकात काडी, मग तीन-चार थेंब, आणि मग सगळं घर त्या पट्टीकडे टक लावून बसलेलं. दुसरी रेघ उमटली की पोटात गोळा. आता त्या रेघेचा रंग आठवा. लालसर, गुलाबी. बऱ्याचशा किटमध्ये तो रंग शाईचा नव्हता. तो सोन्याचा होता.

हो, खरंखुरं सोनं. फक्त त्याचे कण इतके बारीक, की काही दहा नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या लहान कणातले इलेक्ट्रॉन प्रकाश पडला की सगळे मिळून एका तालात हलतात. याला प्लाझ्मॉन म्हणतात. सोन्याचा छोटा गोल कण असा ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश खातो. हिरवा गेला की उरलेला आपल्याला लाल दिसतो. मायकेल फॅरडेने १८५७ साली लंडनमध्ये सोन्याच्या अशाच लालबुंद द्रावणाबद्दल व्याख्यान दिलं होतं. म्हणजे गोष्ट जुनी आहे.

पण नुसतं सोनं व्हायरस ओळखत नाही. त्या कणांच्या अंगावर अँटिबॉडी चिकटवलेल्या असतात. अँटिबॉडी म्हणजे प्रथिनं, म्हणजे सेंद्रिय पदार्थ. आत धातू, बाहेर प्रथिन. ओळखायचं काम प्रथिनाचं, दिसायचं काम सोन्याचं. अशा जोडीला म्हणतात हायब्रिड नॅनोमटेरियल: असेंद्रिय आणि सेंद्रिय यांचा संसार. दोघांपैकी एकाला एकट्याने जमत नाही ते दोघं मिळून करतात.

आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट? त्या अँटिबॉडी कोणी चिमट्याने एकेक करून चिकटवत नाही. योग्य द्रावणात एकत्र सोडल्या की त्या आपोआप सोन्यावर जाऊन बसतात. याला सेल्फ-असेम्ब्ली म्हणतात. मराठीत स्वयंरचना म्हणूया. आजचा भाग त्यावर आहे, आणि तो आपल्या मुंबई-पुण्यातल्या प्रयोगशाळांमधून जाणार आहे.

बोरिवली उतरणार?

स्वयंरचना समजायला पुस्तक नको, विरार फास्ट पुरे. संध्याकाळी चर्चगेटहून बसलात की डबा ठासून भरलेला. अंधेरी सुटली की काय होतं? कोणी अनाउन्समेंट करत नाही, कोणी शिट्टी वाजवत नाही. पण हळूहळू माणसं सरकायला लागतात. 'बोरिवली उतरणार?' 'हो.' 'मग पुढे व्हा.' दहा मिनिटांत दाराकडे उतरणाऱ्यांचा एक पट्टा तयार, विरारवाले आत. पूर्ण डब्याचा नकाशा कोणाच्याच डोक्यात नसतो. प्रत्येकाला फक्त शेजाऱ्यापुरता नियम माहीत असतो. आणि तरी रचना तयार होते.

रेणूंचं असंच असतं. साबणाच्या रेणूला डोकं असतं, त्याला पाणी आवडतं. शेपटी असते, तिला पाणी आवडत नाही. पाण्यात पुरेसे रेणू झाले की सगळ्या शेपट्या आत, डोकी बाहेर, असे गोळे आपोआप बनतात. तव्यावरचं तेल त्या गोळ्यांच्या पोटात जातं, म्हणून भांडी निघतात. कोणी प्रोग्राम लिहिला नाही. रेणूच्या आकारातच प्रोग्राम आहे.

मी दिवसभर कोड लिहिते, त्यामुळे मला हे असं दिसतं: आपण कॉम्प्युटरला पायरी-पायरीने सांगतो, आधी हे कर, मग ते कर. स्वयंरचनेत तुम्ही पायऱ्या सांगतच नाही. तुम्ही फक्त घटक निवडता आणि परिस्थिती ठरवता. तापमान किती, पाणी किती, मीठ किती. मग रन करता. आउटपुट आलं नाही तर मध्ये थांबून बघायची फारशी सोय नाही. डीबगर नाही. घटक बदला, परत रन करा.

आता हे महत्त्वाचं का, ते सांगते. नॅनोमीटरच्या मापात वस्तू बनवायचा दुसरा रस्ता म्हणजे वरून कोरणं. चिप तशा बनतात. त्याला जो कारखाना लागतो, त्याचा खर्च ऐका. गुजरातमध्ये धोलेऱ्याला टाटांचा जो चिप फॅब जाहीर झालाय, त्याची गुंतवणूक सांगितली गेली सुमारे ९१,००० कोटी रुपये. आणि स्वयंरचनेला सुरुवात करायला काय लागतं? बीकर, हीटर, चांगलं पाणी, आणि डोकं. याने चिप बनणार नाही, हे स्पष्ट करते. हवी ती वेडीवाकडी सर्किट रेणू आपणहून काढून देत नाहीत. पण प्रकाश अडवायचा, शोषायचा, किंवा त्याची वीज करायची असेल, तर एकसारखी नक्षी पुन्हा पुन्हा लागते. आणि तिथे रेणू उस्ताद आहेत.

पहिला थांबा: पुणे, गवती चहा

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, एनसीएल. तिथे डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ साली 'नेचर मटेरियल्स' या जर्नलमध्ये एक काम छापलं. त्यांनी लेमनग्रासच्या पानांचा अर्क काढला आणि सोन्याचा क्षार विरघळवलेल्या पाण्यात टाकला. भट्टी नाही, व्हॅक्यूम नाही, साध्या खोलीच्या तापमानाला. आणि त्यातून निघाले सोन्याचे चपटे त्रिकोण. जाडी दहा-वीस नॅनोमीटरच्या आसपास, पण बाजू त्याहून कितीतरी लांब. म्हणजे त्रिकोणी पापडच.

त्यांनी वापरलेली जात सिंबोपोगॉन फ्लेक्सुओसस. आपल्या कुंडीत असतो, भाजीवाली आलं-पुदिन्यासोबत जुडी देते, तो गवती चहा बहुतेक वेळा तिची बहीण, सिंबोपोगॉन सिट्रेटस. घराणं एकच.

हे त्रिकोण बनतात कसे? अर्कातले रेणू सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, मग सोन्याचे बारीक गोल कण तयार होतात. अर्कातली अल्डिहाइड आणि कीटोन नावाची सेंद्रिय संयुगं या कणांच्या पृष्ठभागावर चिकटतात. त्यामुळे ते कण टणक न राहता द्रवासारखे वागतात, एकमेकांजवळ येतात, आणि एकमेकांत मिसळून चपटा त्रिकोण होतो. सोनं सोन्याच्या जागी, पण आकार ठरवला पानाने.

आता यात प्रकाशाचा काय संबंध? गोल कण हिरवा प्रकाश खातो हे मघाशी सांगितलं. चपट्या त्रिकोणात इलेक्ट्रॉनना पळायला लांब मैदान मिळतं, त्यामुळे तो जास्त लांब तरंगलांबीचा प्रकाश खातो. म्हणजे इन्फ्रारेड, आपण ज्याला अवरक्त म्हणतो. डोळ्यांना न दिसणारा, पण अंगाला जाणवणारा. आपल्यापर्यंत पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण अर्धी ऊर्जा या अवरक्त भागात असते.

बघा, आता खिडकीकडे या. अंधेरी, पवई, मालाड, कुठेही जा, ऑफिसची इमारत म्हणजे काचेचा डबा. एप्रिल-मेच्या दुपारी त्या काचेतून ऊन आत येतं आणि मग एसी ते बाहेर फेकत बसतो. उजेड हवाय, ऊब नकोय. म्हणजे अशी काच हवी जी दिसणारा प्रकाश आत सोडेल आणि अवरक्त अडवेल. एनसीएलच्या त्याच गटाने २००५ साली दाखवलं, की अर्काचं प्रमाण बदललं की त्रिकोणांचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की ते अवरक्ताचा कुठला भाग खाणार तेही बदलतं. असे त्रिकोण काचेवर बसवून अवरक्त शोषणारा लेप करता येईल, हेही त्यांनी मांडलं. एक नॉब फिरवायचा आणि काचेचा स्वभाव बदलायचा!

मग अशी काच आपल्या ऑफिसला का नाही? चांगला प्रश्न आहे. बाजारात उष्णता अडवणाऱ्या काचा आहेत, पण त्यातल्या पुष्कळशा व्हॅक्यूममध्ये चांदीचा अतिशय पातळ थर चढवून बनतात. ती चांदी अवरक्त परत फेकते. त्रिकोण ते शोषतात, म्हणजे काच स्वतः तापते आणि थोडी ऊब आत देते. शिवाय बीकरमध्ये फक्त त्रिकोण निघत नाहीत. षटकोन निघतात, गोल निघतात, लहान-मोठे सगळे एकत्र. आणि याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं की द्रावणात क्लोराइड असेल तर त्रिकोण वाढायला मदत होते, पण आयोडाइड आलं की त्रिकोण बिघडतात आणि गोल कणांचे गठ्ठे होतात. म्हणजे फक्त मिठाची जात बदलली आणि सगळं आउटपुट बदललं. कॉन्फिग फाइलमधली एक ओळ चुकावी तसं.

ही पहिली शिकवण: बनवणं स्वस्त आहे, पण दर वेळी तेच बनवणं अवघड आहे.

दुसरा थांबा: कुलाबा, काळं सोनं

आता मुंबईत येऊ. कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात, टीआयएफआर. तिथे प्रा. विवेक पोलशेट्टीवार यांचा गट आहे. त्यांची गोष्ट वाळूपासून सुरू होते. म्हणजे सिलिकापासून.

२०१० मध्ये, सौदी अरेबियातल्या कास्ट विद्यापीठात असताना, त्यांनी सहकाऱ्यांसोबत सिलिकाचा एक नवा गोळा बनवला. नाव ठेवलं केसीसी-१. सूक्ष्मदर्शकातून बघितला तर झेंडूच्या फुलासारखा. सगळीकडून पातळ पाकळ्या-तंतू बाहेर आलेले. हे कोरलेलं नाही. पाणी, तेलासारखा द्रव, साबणाच्या जातीचा एक रेणू, आणि युरिया. हो, खतातला युरिया. साबणाचे रेणू पाणी आणि तेल यांच्या मध्ये आपणहून रांगा लावून बसतात. त्या रांगांमधल्या जागेत सिलिका वाढते. हे सगळं मायक्रोवेव्हने तापवायचं. शेवटी सेंद्रिय भाग जाळून टाकायचा. साचा जातो, फूल उरतं. गणपतीचा साचा काढल्यावर मूर्ती उरते तसं.

मग टीआयएफआरमध्ये या पाकळ्यांवर सोनं बसवायचं ठरलं. पण सिलिका आणि सोनं यांचं थेट जमत नाही. मध्ये मध्यस्थ लागतो. म्हणून सिलिकेच्या अंगावर अमाइन हा गट असलेले सेंद्रिय रेणू बसवले. त्यांचं एक टोक सिलिकेला धरतं, दुसरं सोन्याला. लग्न जुळवणाऱ्या काकू असतात ना, त्यांचं काम. मग त्यावर सोन्याचे बारीक कण, आणि एकामागून एक फेऱ्यांमध्ये ते वाढवत नेले. कणांमधलं अंतर कमी कमी होत गेलं.

आणि इथे गंमत झाली. सोन्याचा कण एकटा असतो तेव्हा लाल दिसतो. शेजारी खूप जवळ आला की दोघांचे इलेक्ट्रॉन एकमेकांशी बोलायला लागतात आणि शोषणाची तरंगलांबी सरकते. इथे कणांची मापं वेगवेगळी, अंतरं वेगवेगळी, त्यामुळे प्रत्येक जोडी वेगळा रंग खाते. सगळे मिळून पूर्ण दृश्य प्रकाश खातात आणि जवळचा अवरक्तही. सगळे रंग खाल्ले की उरतं काय? काळं. २०१९ मध्ये 'केमिकल सायन्स' या जर्नलमध्ये हे 'ब्लॅक गोल्ड' म्हणून छापून आलं. मूलद्रव्य तेच. फक्त माप आणि अंतर बदललं, आणि पिवळं सोनं काळं झालं.

त्याचा उपयोग? शोषलेल्या प्रकाशाने हे कण तापतात. गटाने दाखवलं की त्याच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन हे इंधन बनवता येतं, आणि समुद्राच्या पाण्याची वाफ करून पिण्याजोगं पाणी मिळवता येतं. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या शहराने लक्ष द्यावं असंच आहे. अर्थात प्रयोगशाळेत दाखवणं आणि मुलुंडच्या सोसायटीच्या टाकीत पाणी येणं यात खूप मोठं अंतर आहे. सोनं किती लागेल, लिटरला खर्च किती, ही गणितं त्यातच येतात.

पण इथे दुसरी शिकवण लक्षात घ्या. पुण्याच्या त्रिकोणात कणांची सरमिसळ अडचण होती. कुलाब्यात तीच सरमिसळ कामाची ठरली. आपल्याला नेमका कुठला प्रकाश हवाय, त्यावर ठरतं की गोंधळ हा बग आहे की फीचर.

तिसरा थांबा: पवई, पावसाळा

आता आपल्या उपनगरात. पवईच्या आयआयटी बॉम्बेत २०१० पासून सौर विजेवरचं राष्ट्रीय केंद्र आहे, एनसीपीआरई. तिथे ज्या पदार्थांवर काम चालतं त्यातला एक म्हणजे हॅलाइड पेरोव्हस्काइट. हा तर हायब्रिडचा राजा. शिसं आणि आयोडीन यांचा असेंद्रिय सांगाडा, आणि त्याच्या पोकळ्यांमध्ये छोटे सेंद्रिय आयन बसलेले. द्रावण काचेवर टाका, काच गरगर फिरवा, मग साधारण १०० अंशाला तापवा. पदार्थ स्वतःच स्फटिक होतो. सिलिकॉनचे स्फटिक बनवायला १,४०० अंशांच्या वर वितळवावं लागतं, त्याच्याशी तुलना करा.

२००९ साली जपानच्या त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने यापासून पहिला सौर सेल केला तेव्हा सूर्यप्रकाशाचा फक्त ३.८ टक्के भाग वीज होत होता. आता प्रयोगशाळेतले चांगले सेल २५ टक्क्यांच्या पुढे आहेत. पवईत प्रा. दिनेश काबरा यांचा गट पेरोव्हस्काइट आणि सिलिकॉन यांची जोडी लावण्यावर काम करतो. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो, खालचं सिलिकॉन लाल आणि अवरक्त घेतं. एका छतावर दोन भाडेकरू, भाडं जास्त.

मग अडतंय कुठे? जे द्रावणातून सहज जुळतं, ते सहज सुटतंही. पेरोव्हस्काइटला पाण्याची वाफ सोसत नाही. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर पापड नरम पडतात, दारं फुगतात, तिथे या बिचाऱ्याचं काय? छतावरचं पॅनेल पंचवीस वर्षं टिकावं अशी अपेक्षा असते. त्यात शिसं आहे, ते पावसाबरोबर झिरपलं तर वेगळीच डोकेदुखी. म्हणून सील पक्कं हवं. आणखी एक उपाय परत सेंद्रिय भागातूनच येतो: लांब शेपटीचे सेंद्रिय रेणू घातले की ते शिसं-आयोडीनच्या थरांमध्ये आपोआप रांगा लावतात आणि त्यांची पाणी न आवडणारी शेपटी रेनकोटचं काम करते. साबणाची शेपटी आठवली ना? तीच युक्ती. पण हा रेनकोट विजेलाही थोडा अडवतो. एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं.

तिसरी शिकवण: जुळणं एक, टिकणं वेगळं.

मग आपण काय करायचं?

हा भाग करायचं कारण सांगते. आपल्यापैकी कितीतरी जणांना केमिस्ट्री, मटेरियल्स आवडतं. बीएस्सी करतात, बीटेक करतात, आणि मग 'इथे त्यात काय आहे?' म्हणून सोडतात. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि मजेत आहे, त्यामुळे आयटीला नावं ठेवायला आलेले नाही. पण 'इथे काही नाही' हे खरं नाही, एवढंच म्हणायचंय. पाषाण, कुलाबा, पवई, तीनही ठिकाणी काम झालंय आणि होतंय. आणि जे राहिलंय ते नेमकं कुठलं? शोध लागलाच नाही असं नाही. राहिलंय ते म्हणजे दर वेळी तसंच बनवणं, ते स्वस्तात मोठ्या प्रमाणावर बनवणं, आणि आपल्या हवेत टिकवणं. हे काम मुंबईच्या दमट हवेत बसूनच नीट करता येईल. थंड कोरड्या देशातला माणूस आपला पावसाळा आपल्यासाठी सोडवून देणार नाही.

कोडवाल्यांनाही जागा आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या एका फोटोत शेकडो कण असतात, त्रिकोण किती, गोल किती, हे मोजायला इमेज प्रोसेसिंग लागतं. इमेज-जे नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. रेणू कसे जुळतील याचं सिम्युलेशन करायला लॅम्प्स आहे, तेही मुक्त. सोन्याच्या गोल कणाचा रंग काढायचा असेल तर मी या शास्त्रज्ञाची १९०८ सालची समीकरणं पायथनमध्ये एका वीकेंडला लिहून होतात. कणाचं माप बदला आणि शोषणाचं शिखर कसं सरकतं ते स्क्रीनवर बघा. एकदा बघितलं की 'प्लाझ्मॉन' हा शब्द परीक्षेपुरता राहत नाही.

आणि नुसतं ऐकायचं असेल तर टीआयएफआरवाल्यांनी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये 'चाय अँड व्हाय' नावाच्या गप्पा वर्षानुवर्षं घेतल्या आहेत. रविवारी सकाळी, कोणीही जा, काहीही विचारा. कार्यक्रमाची तारीख मात्र आधी बघून निघा.

बारावीतल्या कोणा भावाबहिणीला 'केमिस्ट्री घेऊन काय करणार?' असं घरी ऐकावं लागत असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. आणि पाठवताना त्या काका-मामांनाही टॅग करा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू.